खांबोबाचा कौल

बद्रीनाथ सरांनी वर्तमानपत्रात तो लेख लिहिला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मल्हारीला पुष्कळ दिवस वाटत राहिलं. सर पुंडलिकनगरात त्याच्याच गल्लीत राहायचे आणि कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. माणूस सज्जन, रस्त्यानं चालताना खाली बघून चालणारा. लोकांना वाटायचं सर भिडस्त आहेत. सर म्हणायचे, मी फरशीचा दगड बघतो.

तर या सरांनी लिहिलं होतं, की नाथसागराच्या पोटात ज्वालामुखीचे खांब आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून तापलेला रस उसळला, पसरला आणि थिजला. थिजताना तो तडकला आणि त्यातून सहा-सहा कडांचे उभे दगडी खांब तयार झाले. जायकवाडीचं पाणी आलं तेव्हा ते बुडाले. यंदा धरण बरंच खाली गेलं आहे, तेव्हा होडीतून गेलं तर पाण्याखाली ते स्वच्छ दिसतात. मधल्या एका खांबाचा माथा तर पाण्याबाहेर डोकावतो आहे. येत्या रविवारी दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी जाणार आहे.

मल्हारी वाळूजच्या कंपनीतून पहिली पाळी करून आला होता. चहा पिता पिता त्यानं हा लेख मोठ्यानं वाचून दाखवला, तो केवळ शेजारच्या सरांचं नाव छापून आलं म्हणून. त्याची आई, सारजाबाई, पलीकडं तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"कुठं म्हनला ते खांब?"

"जुन्या खांबपिंपरीपाशी."

"मंग ते खांब नाय, मल्हारी. त्यो आपला खांबोबा हाय."

मल्हारीनं पेपर खाली ठेवला. वाचताना हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. पण तोवर बाण सुटला होता.

खांबपिंपरी हे त्यांचं बुडालेलं गाव. मेंढरं राखणाऱ्यांची वस्ती, थोडी शेती आणि गावाबाहेर माळावर खांबोबा. त्याला देऊळ नव्हतं, मूर्ती नव्हती. जमिनीतून वर आलेले काळे खांब हाच देव, आणि मधला सगळ्यांत उंच खांब हा त्याचा माथा. धरणाच्या वेळी लोकांनी घरांची दारं नेली, चौकटी नेल्या, मारुती उचलून बैलगाडीत घातला. खांबोबा कसा उचलणार? तो तिथंच राहिला.

या देवाचा कौल घेतल्याशिवाय मल्हारीच्या घराण्यात कुणाचं लग्न ठरत नसे. कौलाची रीत सोपी होती. देवाला अंघोळ घालायची. माथ्याच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या भंडाऱ्यानं ज्वारीचा एकेक दाणा चिकटवायचा आणि वाट बघायची. उन्हानं भंडारा सुकला की दाणा सुटतो. उजवा आधी पडला तर लग्न करा. डावा पडला तर त्या घराचं नाव पुन्हा काढू नका. एका सोयरिकीचा कौल एकदाच. दुसऱ्यांदा मागितला तर देव कोपतो, असं सगळे मानत.

पण दाणा पडला म्हणजे कौल झाला, असं मात्र नव्हतं. घरचा माणूस आपल्या सोयीचं बघणार, पाहुणा त्याच्या सोयीचं. म्हणून पडलेला दाणा बघायचा आणि 'उजवा दिला' किंवा 'डावा दिला' अशी हाक द्यायची, हे काम महारवाड्यातल्या राघूकडं होतं. त्याच्या बापाकडं होतं, आज्याकडं होतं. राघूनं हाक दिली की कौल झाला. त्याची हाक नसेल तर दाणा नुसताच पडला. गावात याला राघूचा मान म्हणत. मल्हारीनं लहानपणी हे पाहिलेलं होतं. राघू लांब बाभळीखाली उभा राहून डोळे बारीक करून बघायचा. त्याला जवळ येऊ देत नसत. त्याच्या शब्दावर लग्नं ठरत, मोडत. पण त्याची सावली काही देवावर पडू देत नसत. पाणी आल्यावर राघू मुंबईला पोरांकडं गेला, तिथंच वारला.

सरकारनं त्यांना वरच्या अंगाला नवी जागा दिली. तिला नावाऐवजी नंबर होता. तिथून मल्हारी पुढं कामासाठी शहरात आला. देवावर पाणी चढलं त्याच साली मल्हारीच्या बहिणीचं, गीताबाईचं लग्न कौलाशिवाय झालं. मल्हारीनंच रेटून केलं. म्हणाला, आता देव बुडाला, रीत बुडाली. वर्ष भरायच्या आत तिचा नवरा ट्रकखाली गेला आणि गीताबाई माघारी आली, ती कायमची. तेव्हापासून सारजाबाई त्याला कधी वावगं बोलली नाही. पण घरात कुणाच्या लग्नाचा विषय निघाला, की ती उठून आत जायची.

आणि आता मल्हारीची मंजुळा लग्नाची झाली होती. दौलताबादच्या केरबाच्या मुलाचं स्थळ चालून आलं होतं. केरबा किल्ल्याखाली पेरू-सीताफळं विकायचा, मुलगा वाळूजलाच टर्नर होता. त्यांची मेंढरं आणि यांची मेंढरं कधीकाळी एकाच माळावर चरलेली. मंजुळानं मुलाला एका लग्नात पाहिलं होतं, आणि तिला तो पसंत होता. हे तिनं तोंडानं सांगितलं नव्हतं. पण स्थळ आल्यापासून ती घरात गुणगुणत होती. अडलं होतं फक्त सारजाबाईपाशी. तिचा होकार नसेल तर भावकीतलं कुणी मांडवात पाय ठेवणार नव्हतं. आणि खरं सांगायचं, तर तिला डावलून पुन्हा एकदा लग्न रेटायची मल्हारीचीही छाती नव्हती.

दोनदा पुढं ढकलल्यावर केरबानं निरोप धाडला: "रविवारी सांजच्याला येतो. व्हय म्हना, नायतर नाय म्हना. पर काय तरी म्हना. माझ्याकडं दुसरं बी स्थळ आलंय."

त्याच रविवारी सरांची होडी जाणार होती. सारजाबाईनं हे दोन्ही जुळवलं आणि तिच्या मनात कसली शंका उरली नाही. देवानं डोकं वर काढलं होतं, ते मंजुळासाठीच.

मायलेकांना बरोबर न्यायला सरांनी आनंदानं होकार दिला. त्यांना वाटलं, आपल्या लेखाचा कुणावर तरी परिणाम झाला.

जीपमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी सर बसले. मागं सारजाबाई, मल्हारी आणि सरांचे दोन विद्यार्थी. एकाचं नाव सांडू. सिल्लोडकडचा, बऱ्यापैकी शेती असलेल्या घरचा, अंगानं भरलेला. दुसरा फकिरा, उंच आणि सडपातळ. दोघं एकाच खोलीत राहत आणि सारखे भांडत, हे पैठणच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलं. ते दिवसच तसे होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून शहर कितीदा पेटलं, कितीदा विझलं. सांडूच्या मांडीवर पेपर होता आणि त्यात पुन्हा कुठल्या तरी बंदची बातमी होती.

"नाव बदललं की पोटाला मिळतं का रे फकिऱ्या?" सांडूनं विचारलं.

"नाही मिळत. मग तुझंच पोट का दुखतं?"

"माझं नाही, माझ्या बापाचं दुखतं."

"ओवा दे त्यांना."

सर मागं न बघता म्हणाले, "आपण दगड बघायला चाललोय." त्यांना अशा बोलण्याची भीती वाटायची. ते कुणाच्याच बाजूनं नीट बोलू शकत नसत आणि नंतर रात्रभर स्वतःलाच बोल लावत.

सारजाबाई मांडीवरचं गाठोडं सांभाळत दोघांकडं बघत होती. गाठोड्यात भंडारा, ज्वारी आणि नारळ होता. जुन्या माणसांच्या रीतीप्रमाणं तिनं विचारलं, "कुनाचा रं तू?"

सांडूनं गावाचं आणि घराण्याचं नाव सांगितलं. तिनं मान हलवली. मग फकिराकडं पाहिलं.

"मी फर्दापूरकडचा, आजी. आम्ही बौद्ध."

"म्हंजी म्हारवाड्यातला?"

मल्हारीनं खाली मान घातली. सांडू खिडकीबाहेर बघू लागला. फकिरा शांतपणे म्हणाला, "लोक तसं म्हणायचे."

सारजाबाईचा चेहरा एकदम फुलला. "लई बरं झालं बाबा तू आलास. लई बरं झालं."

फकिरा हसला. "हे ऐकून खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतो, आजी."

सांडूही हसला, सरही हसले. एकटा मल्हारी हसला नाही. आई का खूश झाली, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. घरातून निघताना त्यानं तिला विचारलं होतं, आई, हाक कोण देईल? त्यावर ती म्हणाली होती, देव बघून घेईल.

आता देवानं बघून घेतलं होतं.

पैठणला चहासाठी जीप थांबली, तेव्हा मल्हारीनं ठरवलं, की या पोराला बाजूला घेऊन आधीच सांगावं. कंपनीत त्याच्या खात्यात फकिराच्या समाजाची दोन माणसं होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणी तरी थट्टेत 'तुमचा मान' असा शब्द काढला होता, तेव्हा त्यातल्या एकानं डबा बंद केला होता आणि महिनाभर तो त्याच्याशी बोलला नव्हता. मल्हारीला तेवढं पुरेसं होतं. तो कप घेऊन फकिराजवळ गेला.

"तुमाला पोहता येतं का?" त्यानं विचारलं.

"येतं की. का हो काका?"

"नाय, सहज. पानी खोल असतंय."

आणि तो परत येऊन आईजवळ उभा राहिला.

होडी मुंजाबाची होती. मासे धरणारा माणूस, उन्हानं रापून तांबडाकाळा झालेला. त्यानं सगळ्यांना तोलून मापून बसवलं. सरांना मध्ये, सारजाबाईला त्यांच्यापाशी, पोरांना दोन टोकांना. "उठायचं नाय, एका अंगाला झुकायचं नाय," तो म्हणाला. "दुपारी वारा सुटतो. त्याच्या आत मागं फिरायचं. मंग देव असू द्या नायतर दगड."

मोटार सुरू झाली. काठावरचा भेगाळलेला चिखल मागं पडला. एकीकडं पाण्यातून बाभळीची वाळलेली खोडं वर आलेली, त्यांवर पाणकावळे बसलेले. सारजाबाई बोटानं दाखवत होती. हितं पाटलाची विहीर. हितं तुझ्या मामाचं रान. सगळीकडं पाणीच होतं. मल्हारी प्रत्येक वेळी "व्हय" म्हणत होता.

मुंजाबानं मोटार बंद केली आणि बांबूनं होडी पुढं ढकलू लागला. आवाज थांबल्यावर सरांनी हात वर केला आणि हळूच म्हणाले, "आता खाली बघा."

पाणी हिरवट पण निवळ होतं. आधी नुसता काळोख दिसला. मग त्यातून एकेक माथा वर आला. सहा कडांचे माथे, एकमेकांना खेटून, काही वर, काही खाली, जणू कुणी मधाचं भलं मोठं पोळं दगडाचं करून पाण्यात ठेवलं होतं. खाली त्यांची उभी अंगं हिरव्या अंधारात उतरत गेलेली. मधूनच मासोळ्यांचा थवा त्यांच्या फटींतून वळत होता. सांडूचा पेपर त्याच्या हातातच राहिला. फकिरा काठावर हनुवटी टेकवून बघत होता. मग म्हणाला, "सर, हे सगळं एकदा वाहत होतं."

"वाहत होतं," सर म्हणाले. एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात त्यांना इतकं बरं क्वचितच वाटलं असेल.

मधला खांब नारळाएवढा पाण्याबाहेर होता. पाणकावळ्यांनी तो विष्ठेनं पांढरा करून ठेवला होता. सारजाबाईनं तो बघितला आणि तोंडावर पदर धरला. मग पदराचं टोक पाण्यात भिजवून ती माथा पुसू लागली. खसाखसा, नातवंडाचं तोंड पुसावं तशी. मुंजाबानं बांबू खांबांच्या फटीत रोवून होडी धरली. काळा दगड वर आला. तिनं ओंजळीनं पाणी घातलं, भंडारा लावला, उजव्या अंगाला एक दाणा चिकटवला, डाव्या अंगाला एक. हात जोडून पुटपुटली, "केरबाच्या घरी मंजुळाला द्यावी का, ते सांग बाबा."

सरसुद्धा टोपी काढून बसले होते.

मग ती वळली. "पोरा, तू फुडं ये. हितं बस. नीट बघ, आन् पडला की हाक दे."

"कसली हाक, आजी?"

तिनं सांगितलं. राघूचं सांगितलं, त्याच्या आज्याचं सांगितलं. तिच्या बोलण्यात कसलाही तोरा नव्हता. उलट ती अदबीनं बोलत होती, मानकऱ्याला बोलवावं तशी. "तू आमच्या गावचा नाय, तरी चालतंय. मान जातीचा असतोय."

"तेच तर, आजी," फकिरा म्हणाला. तो पुढं सरकला नाही. "तुम्हीच बघा. तुमचे डोळे चांगले आहेत."

"मी बघून काय उपेग? मान तुमचा हाय."

"आम्ही तो मान सोडला."

"का रं? मी काय मेलेली ढोरं वढाया सांगते का? देवाचं काम हाय."

फकिरानं मल्हारीकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं. त्याला राग आलेला दिसत नव्हता. तो शब्द शोधत होता. "माझे वडील गावाची काठी घेऊन फिरायचे. मेल्याचा सांगावा नेणं, ढोर ओढणं, जत्रेत हलगी वाजवणं. लोक त्यालाही मानच म्हणायचे. एक दिवस त्यांनी ती काठी चावडीपुढं ठेवली आणि सांगितलं, उद्यापासून येणार नाही. त्या साली आम्हाला गावात कुणी कामाला घेतलं नाही. आई रस्त्यावर खडी फोडायची. पण वडिलांनी काठी परत उचलली नाही. आजी, मी आज हाक दिली तर ती मी उचलली असं होईल."

"हितं कोन बघतंय?" सारजाबाई कळवळून म्हणाली.

"मी बघतोय ना."

मल्हारीला वाटलं, आपण काही तरी बोलावं. पण कुणाला बोलावं? त्या पोराचं एक अक्षर खोटं नव्हतं. आणि त्याची आई डोळ्यांत प्राण आणून बसली होती. सगळ्यांच्या नजरा पुन्हा दगडाकडं गेल्या, कारण ऊन काही कुणासाठी थांबत नव्हतं. भंडाऱ्याचा रंग कडेकडेनं फिका पडत होता.

आणि उजवा दाणा पडला.

इतका सावकाश, इतका स्पष्ट पडला, की शंकेला जागाच नव्हती. तो दगडावरून घरंगळला, पाण्यावर टेकला आणि खांबांच्या मधून खाली खाली जाताना दिसत राहिला. डावा जागच्या जागी होता.

सारजाबाई फकिराच्या तोंडाकडं बघत होती. फकिराचे ओठ घट्ट मिटलेले होते. मनातल्या मनात मल्हारी त्या पोराला म्हणत होता, बोल बाबा, एकदाच बोल.

"आई," शेवटी तोच बोलला, "उजवा पडला."

"तू पोरीचा बाप हाईस. बापानं सांगायचं नसतं."

"आजीबाई, मीही पाहिला," सर चाचरत म्हणाले. "उजवाच होता. म्हणजे तसं म्हटलं तर त्या बाजूला ऊन जास्त..." आणि ते मध्येच थांबले. आपण मदत करतोय की बिघडवतोय, हे त्यांना कळेना.

"सर, तुमी थोर मानूस. पर तुमचा सबूद चालत नाय."

"मग मी देतो हाक," सांडू म्हणाला.

"तुझा मान पोळ्याच्या बैलाचा. ह्यो नव्हं."

सांडू चिडला. त्याला खरंच त्या म्हातारीचं वाईट वाटत होतं. "फकिऱ्या, अरे सांग ना. तू पाहिलास, आम्ही पाहिला, म्हातारीनं पाहिला. एका पोरीचं लग्न अडलंय. एक शब्द तर आहे. तुझं काय जातं?"

फकिरा त्याच्याकडं वळला. आवाज चढवला नाही. "पंधरा वर्षं आम्ही पण एकच नाव मागतोय, सांड्या. दरवाज्यावर लिहायला. तेव्हा तुमच्या घरी हेच का विचारत नाहीस, तुमचं काय जातं म्हणून?"

सांडूनं हातातला पेपर दुमडला. मुंजाबा बांबू धरून आभाळाकडं बघत होता.

थोड्या वेळानं डावा दाणाही पडला. तो कुणी पाहिला नाही. फक्त मल्हारीनं नजर वळवली तेव्हा दगड रिकामा होता.

"पुन्हा लावा की," सर हलकेच म्हणाले.

"एकदाच इचारायचं असतंय, सर," मल्हारी म्हणाला. सारजाबाईनं मानसुद्धा हलवली नाही. तिनं न फोडलेला नारळ तसाच पाण्यात सोडला. तो बुडाला नाही. डुचमळत होडीच्या अंगाला लागून राहिला. मुंजाबा म्हणाला, "वारा सुटला. चला." त्यानं मोटार सुरू केली.

परतीच्या वाटेवर लाटा उठल्या. पाणी अंगावर उडत होतं. फकिरा टोकाला बसून भिजत होता आणि त्यानं तोंड पुसलं नाही.

काठावर उतरल्यावर सर ड्रायव्हरला शोधायला गेले. सांडू त्यांच्या मागून गेला. सारजाबाई एका दगडावर बसली. फकिरा मल्हारीजवळ आला.

"काका, तुम्हाला राग आला असेल."

"नाय बा."

"मी उजवा पाहिला. तुम्हाला सांगतो, हवं तर शपथेवर सांगतो. पण तिथं नाही सांगू शकलो."

"ठावं हाय मला. तुमी काय चुकीचं केलं नाय."

फकिरा थोडा वेळ पायानं वाळू उकरत राहिला. मग म्हणाला, "मुलीच्या लग्नाला बोलवा मला. कसंही जमवा, पण लग्न करा. मी येईन, वाढीन, मांडव घालायला लागेन. पंगतीत तुमच्या शेजारी बसून जेवीन. ते सगळं मागा."

मल्हारीला लगेच "या की" म्हणायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर भावकी उभी राहिली. चुलत्याचे डोळे, मामाचं आखडतं घेतलेलं ताट. तो "या की" म्हणाला, पण क्षणभर उशिरा म्हणाला. फकिराला तो क्षण दिसला. तो हसला, कडवट नव्हे, ओळखीचं काही भेटल्यावर हसावं तसा. आणि जीपकडं निघाला.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. केरबा आधीच येऊन बसला होता. गीताबाईनं त्याला पाणी दिलं होतं, मंजुळा आत होती. केरबा मोकळा माणूस. उठून त्यानं सारजाबाईला नमस्कार केला.

"मावशी, देव बघून आला म्हनं. काय म्हनतोय?"

सारजाबाई भिंतीला टेकून खाली बसली. एका दिवसात ती वाळून गेल्यासारखी दिसत होती. "केरबा, तुझं घर चांगलं. पोरगं चांगलं. माझं मन हाय. पर कौल झाला नाय."

"दाना पडला नाय का?"

"पडला. हाक नाय पडली."

केरबानं मल्हारीकडं बघितलं. मल्हारीनं सगळं सांगितलं. केरबानं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं. "आमाला नको कौल. आमी मोकळी मान्सं."

"आमाला लागतो."

तेव्हा गीताबाई बोलली. ती सहसा पाहुण्यांत बोलत नसे. "आई, माझ्यापायी हिचं अडवू नको."

"तुझ्यापायीच तर," सारजाबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "तवा मी गप बसले. आता उजवा पडलेला ह्या डोळ्यांनी बघितला गं मी. मला का नको हाय? पर उद्या काय झालं तर लोक म्हनतील, थेरडीनं स्वतःच हाक मारून घेतली. लोकांचं जाऊ दे. मीच म्हनंल."

केरबानं चहा अर्धा पिऊन खाली ठेवला. "मंग मी तिकडं बोलनं लावतो. राग धरू नका."

मल्हारी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेला. केरबा टोपी नीट करत म्हणाला, "तू बाप हाईस ना तिचा?"

"व्हय."

"तुला बी वाटतं ना द्यावी?"

"लई वाटतं."

"मंग?"

मल्हारी उभा राहिला. केरबानं थोडी वाट बघितली, त्याच्या दंडावर थोपटलं आणि तो रिक्षात बसून गेला.

मल्हारी आत आला. आई भिंतीकडं तोंड करून निजली होती. मंजुळा मोरीत कपबश्या विसळत होती. केरबाचा अर्धा चहा तिनं ओतून दिला.

"बाबा, उजवा आधी पडला ना?"

"व्हय."

"सगळ्यांनी बघितला?"

"सगळ्यांनी."

"त्या पोरानं हाक दिली नाय, ते चुकलं का त्याचं?"

मल्हारीनं विचार केला. "नाय."

"आजीचं?"

त्यानं आतल्या खोलीकडं बघितलं. ती पाठमोरी, लहान, चुंबळीसारखी झालेली. "तिचं बी नाय."

मंजुळानं बशी पालथी घातली. "मंग तुमचं?"

तो दारातच उभा होता. तिच्या विचारण्यात राग नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. तिनं हात पुसले, पुन्हा ओले केले, पुन्हा पुसले. मग तिनं पिठाचा डबा खाली काढला.

"उद्या पहिली पाळी का?" तिनं विचारलं.

"व्हय," मल्हारी म्हणाला.